पुढची अरुंद, हलकी चाके: ड्रॅग स्ट्रिपवरील एका हंगामाचा अनुभव

एप्रिलमध्ये मी माझ्या गाडीला पुढच्या बाजूस ड्रॅग रेसिंगची, म्हणजे जागेवरून सुटून पाव मैल सरळ पळायच्या शर्यतीची, अरुंद चाके घेतली आणि ऑक्टोबरअखेर हंगाम संपेपर्यंत ती वापरली. पुढची चाके हलकी केल्याने पाव मैलाची वेळ नेमकी किती कमी होते, याची उत्तरे मी इतकी वेगवेगळी ऐकली होती, की शेवटी स्वतःच मोजून पाहायचे ठरवले. माझ्या गाडीच्या बाबतीत उत्तर आहे सेकंदाचा विसावा भाग. या विसाव्या भागासाठी काय मोजावे लागले, तेही सांगतो, कारण त्यात पैशाचा वाटा सर्वांत लहान होता.

गाडी २०१६ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, ५ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली. तिला परफॉर्मन्स पॅकेज नाही, आणि या कामासाठी ते नसणेच सोयीचे ठरले. साध्या जीटीच्या पुढच्या ब्रेकची डिस्क ३५२ मिलिमीटरची असल्याने तिच्यावर १७ इंची ड्रॅग रिम बसते. पॅकेजवाल्या गाडीची डिस्क ३८० मिलिमीटरची असते आणि तिचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेकचा भाग) १७ इंची रिमच्या आत मावत नाही. मूळ चाके १८ बाय ८ इंचांची आणि टायर २३५/५० आर १८ होते. त्यांच्या जागी १७ बाय साडेचार इंचांच्या रिम आणि २६ बाय ६ आर १७ मापाचे टायर आले. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मी चाक हातात धरून उभा राहिलो आणि त्यातून स्वतःचे वजन वजा केले, तेव्हा मूळ चाक टायरसह ४९ पौंड भरले आणि नवे ३४. म्हणजे एका बाजूला १५ आणि दोन्ही मिळून ३० पौंड वाचले. खर्च सुमारे ११०० डॉलर झाला.

मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. पूर्वी अर्ध्या तासावर इंग्लिशटाउनचे रेसवे पार्क होते, पण २०१८मध्ये तिथले ड्रॅग रेसिंग बंद झाले. त्यामुळे आता उत्तरेला ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेवर जावे लागते. अंतर वाढल्यावर माणूस एका खेपेत जास्तीत जास्त काम उरकायला शिकतो, आणि माझ्या मोजणीला याचा फायदाच झाला.

आधी गणित मांडतो, कारण ‘चाकाचा एक पौंड म्हणजे गाडीचे आठ पौंड’ असे म्हणणारे पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, दर दहा पावलांवर भेटतात. चाकाच्या कडेवरचा एक पौंड गाडीबरोबर पुढेही सरकतो आणि आसाभोवती फिरतोही. या दोन्ही हालचालींना लागणारी ऊर्जा एकत्र धरली तरी तो फार तर दोन पौंडांइतका भरतो, आणि आसाच्या जवळ असलेले वजन तर त्याहूनही कमी. टायर आणि रिम मिळून एका पौंडामागे साधारण एक पूर्णांक दोन तृतीयांश पौंड धरावे, असा माझा हिशेब आहे. त्यामुळे ३० पौंडांचे सुमारे ५० झाले. पुढची चाके इंजिनला जोडलेली नाहीत म्हणून त्यांच्या फिरण्याचा खर्च लागत नाही, असे समजणे मात्र चूक आहे. त्यांना फिरवणारा जोर मागच्या टायरांनी गाडी पुढे ढकलल्यामुळेच मिळतो. गाडी, इंधन आणि मी मिळून ३९०० पौंड होतो, त्यांतले ५० म्हणजे सुमारे १.३ टक्के. पाव मैलाची वेळ वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाबरोबर बदलते, म्हणून वेळेत फरक पडायचा तो याच्या एक तृतीयांश. १२.७० सेकंदांच्या गाडीला तो साडेपाच शतांशांच्या आसपास येतो.

आता प्रत्यक्ष काय झाले ते सांगतो. जूनमधल्या एका संध्याकाळी मी मूळ चाकांवर तीन फेऱ्या मारल्या, पिटमध्ये जॅक लावून पुढची दोन्ही चाके बदलली आणि तीन फेऱ्या मारल्या, आणि मग मूळ चाके परत चढवून आणखी तीन मारल्या. दोन फेऱ्यांमध्ये इंजिनला थंड होण्यासाठी सारखाच वेळ दिला. मागचे ड्रॅग रेडियल, म्हणजे ड्रॅगसाठीचे चिकट टायर, आणि त्यांतली हवा तीच होती. मूळ चाकांवरच्या पहिल्या तीन वेळा १२.६८, १२.७१ आणि १२.६९, अरुंद चाकांवर १२.६५, १२.६७ आणि १२.६३, पुन्हा मूळ चाकांवर १२.७२, १२.७० आणि १२.७०. सरासरीत पाच शतांशांचा फरक पडला आणि शेवटचा वेग १११.२ मैलांवरून १११.६ वर गेला. पहिल्या ६० फुटांत मात्र फक्त एका शतांशाचा फरक दिसला, १.८६चे १.८५. शेवटचा तिसरा संच मारायचा मला खरे तर कंटाळा आला होता. मस्टँगच्या नटांना १५० फूट-पौंड टॉर्क लागतो आणि त्या संध्याकाळी दोन वेळा चाके बदलताना मी दहाही नट दोन-दोनदा आवळले. पण तो संच मारला नसता, तर मधला फायदा चाकांचा की उतरत्या संध्याकाळच्या हवेचा, हे कधीच कळले नसते. ऑक्टोबरच्या थंड रात्री याच गाडीने मूळ चाकांवर १२.५२ दाखवले. एप्रिलच्या आणि जुलैच्या स्लिपा (फेरीच्या वेळा छापलेल्या चिठ्ठ्या) शेजारी ठेवून चाकांचा फायदा सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मे महिन्यातली माझी पहिली मोजणी मात्र वाया गेली होती, आणि कारण होते स्टेजिंग, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावणे. सुरुवातीच्या रेषेवर प्री-स्टेज आणि स्टेज असे दोन प्रकाशझोत सात इंचांच्या अंतरावर असतात, आणि पुढचे टायर स्टेजच्या झोतातून बाहेर पडले की घड्याळ सुरू होते. म्हणजे टायरने झोत अडवलेला असताना गाडी जे अंतर फुकट धावते, ते आपल्या खात्यात जमा होते. स्टेजच्या झोताचा दिवा नुकताच लागेल इतपत थांबले तर हे अंतर जास्त मिळते, आणि पुढे रेटून प्री-स्टेजचा दिवा विझेपर्यंत गेले तर कमी. या दोन टोकांत जवळजवळ सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडतो, म्हणजे माझ्या चाकांच्या कमाईच्या दुप्पट! मी मेमध्ये कधी असा तर कधी तसा थांबत होतो, आणि माझ्या स्लिपा त्याचीच साक्ष देत होत्या. शिवाय नवा टायर सव्वा इंचाने लहान व्यासाचा असल्याने तो झोतातून किंचित लवकर बाहेर पडतो. ते नुकसान हजारांश सेकंदांत मोजण्याइतकेच आहे, पण बाजू उलटी आहे. २८ इंची टायर घेतला असता तर तेही झाले नसते.

टायर अरुंद असण्याचा वेगळा असा फायदा मला स्लिपेवर शोधूनही सापडला नाही. रांगेत गाडी हाताने पुढे ढकलताना ती हलकी जाते, हे खरे. पण रोलिंग रेझिस्टन्समधली, म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना होणाऱ्या विरोधातली, ती बचत दोन-चार पौंड जोराची असते, आणि शेकडो पौंडांनी ढकलणाऱ्या इंजिनापुढे ती कुठेच दिसत नाही. रुंदी कमी करण्याचे खरे कारण वजन हेच आहे.

आता तक्रारी. पहिली चूक बसवणाऱ्यांची. ज्या दुकानात मी टायर चढवून घेतले, तिथल्या कारागिराने बॅलन्सिंगची चिकट वजने रिमच्या आत नेमकी कॅलिपरसमोर लावली. या रिममध्ये आणि कॅलिपरमध्ये जेमतेम तीन मिलिमीटर मोकळी जागा आहे. घरी येताना पहिल्याच चौकात वळताना कर्र असा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. घरी चाक काढून पाहिले, तर चारांपैकी तीन वजने घासून चकचकीत झाली होती, चौथे गायब होते, आणि कॅलिपरवर चांदीसारखा ओरखडा उठला होता. ही चाके घेणाऱ्याने वजने कुठे लावायची ते खडूने आखून द्यावे आणि रस्त्यावर जाण्यापूर्वी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे.

दुसरी गोष्ट बर्नआउटची, म्हणजे फेरीआधी मागचे टायर ओल्या जागेत फिरवून तापवण्याची. या मस्टँगमध्ये लाइन लॉक आहे. पुढचे ब्रेक धरून ठेवून मागची चाके जागेवर फिरवायची सोय. रुंद टायरांवर गाडी खिळ्यासारखी उभी राहत असे. अरुंद टायर ओल्या जागेत थांबले, की ब्रेक पक्के असूनही ते घसरतात आणि गाडी हळूहळू पुढे सरकते. आता मी पाण्याच्या पुढे, कोरड्यावर, पुढची चाके नेऊन मगच सुरुवात करतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे टायर करतात, आणि आपण नेमकी त्यांचीच पकड कमी करतो. पहिल्या रात्री ११० मैलांच्या वेगावरून नेहमीच्या खुणेवर ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली एबीएसची थरथर सुरू झाली आणि गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरना पुढे ब्रेकच नसतात हे खरे, पण त्यांच्या मागे पॅराशूट असते. माझ्या मागे बाळाची कार-सीट काढून ठेवलेली रिकामी जागा होती. तेव्हापासून मी रेषा ओलांडताच हलका आणि सलग ब्रेक धरतो. टायरवर रस्त्यासाठीचा शिक्का असला तरी ही चाके रोजच्या वापरात ठेवणे मला पटले नाही. महामार्गाच्या उतारवळणावर स्टिअरिंग वळवूनही नाक सरळच जाऊ पाहते, आणि पुढच्या-मागच्या व्यासांतल्या फरकामुळे डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा दोनदा लागला. आता चाके डिकीत आणि मागच्या सीटवर घालून नेतो आणि पिटमध्येच बदलतो.

चाके मी ठेवणार आहे. पण हेच ११०० डॉलर आज पुन्हा हातात असते, तर ते आधी मागच्या टायरांवर आणि सस्पेन्शनवर घातले असते, कारण ६० फुटांतला एक दशांश तिथून मिळतो आणि तो रेषेपर्यंत जाताना वाढतो.

पुण्याच्या भाच्याला हे सगळे फोनवर सांगितले. तो आपली पोलो लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पळवायची स्वप्ने पाहतो. “मामा, मग मीही पुढे अरुंद टायर लावू का?” असे त्याने विचारले. त्याच्या गाडीला ओढणारी चाके पुढची आहेत, त्यामुळे रुंद आणि चिकट टायर पुढेच राहू दे आणि हलकी, अरुंद जोडी मागे लाव, असे मी त्याला सांगितले. आणि त्याआधी वजनकाटा घेऊन ये.