सहा नळ्यांचे पैसे, तीन नळ्यांचा व्हॉल्व्ह

मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावर एक प्रसिद्ध पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिची धास्ती घेऊनच मी माझ्या डिझेल जीपला जादा टाकी बसवायला काढली. भोसरीकडच्या एका गॅरेजवाल्याने ३८ हजार सांगितले. त्यात ४५ लिटरची टाकी, दोन मिलीचा पत्रा, डिझेल डचमळू नये म्हणून आत आडवे पडदे, सहा नळ्यांचा व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डवर स्विच. "साहेब, बटण दाबा, टाकी बदलली. आरटीओचं पण आपणच बघतो." २५ हजार आगाऊ दिले. पावती म्हणून वहीच्या कागदावर 'टाकी काम' एवढंच लिहून मिळालं.

गाडी आणायला गेलो तेव्हा स्विच दाबला की हिरवा दिवा लागायचा, खालून टक् आवाज यायचा. मी खूश! बाकीचे पैसे तिथंच मोजून दिले, गाडीखाली वाकून न बघता.

रविवारी वाईला निघालो. दोन्ही टाक्या भरायला घेतल्या, तर जादा टाकीत ३१ लिटरलाच डिझेल तोंडाशी आलं. फोन केला. "कोपऱ्यात हवा अडकते, साहेब." चौदा लिटर हवा! तरी मी ऐकून घेतलं. कात्रजचा बोगदा ओलांडून स्विच दाबला आणि शिरवळच्या पुढे डिझेलचा वास सुटला. उतरून पाहिलं, तर मुख्य टाकीच्या झाकणातून डिझेल ओघळून मागचा टायर भिजलेला. पुढे खंबाटकीचा घाट.

टायर पुसून, स्विच बंद करून कसाबसा वाईत पोचलो. तिथे एका म्हाताऱ्या ट्रॅक्टर मिस्त्रींनी आडवं पडून पाहिलं आणि हसलेच. "आवो, हितं तीनच नळ्या हायत. परतीचं डिझेल जायचं कुठं?"

माझ्या जीपसारख्या कॉमन रेल डिझेल इंजिनाचा पंप लागेल त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं गरम डिझेल परतीच्या नळीने टाकीत जातं. म्हणून जाणारी आणि येणारी, दोन्ही वाटा एकदम बदलणारा व्हॉल्व्ह लागतो: दोन नळ्या इंजिनाकडे, दोन-दोन प्रत्येक टाकीकडे. माझ्या गाडीत फक्त ओढायची वाट बदलत होती. जादा टाकीतलं डिझेल इंजिनातून फिरून थेट आधीच भरलेल्या मुख्य टाकीत येत होतं. परतीची नळी नसलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तीन नळ्यांचं चालून जातं. तसलाच एखादा पडून असावा, तो मला सहाच्या भावात दिला. बॅटरीवरून आणलेल्या वायरला फ्यूजसुद्धा नव्हता.

टेपने टाकी मोजली. ५५ गुणिले २८ गुणिले २० सेंटिमीटर, म्हणजे ३१ लिटरसुद्धा काठोकाठ. हे गणित गॅरेजच्या दारात एका मिनिटात झालं असतं.

आरटीओत चौकशी केली, तर माझ्या गाडीचा कुठलाच अर्ज नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि जबाब मालकाला द्यावा लागतो. गॅरेजवाला म्हणाला, "सगळे असंच बसवतात." बऱ्याच फेऱ्यांनंतर चार हजार हातावर टेकवले.

टाकी उतरवून भंगारवाल्याकडे नेली. दोन मिलीच्या पत्र्याची असती तर दहा किलो भरली असती. काट्यावर साडेपाच आली. आत पडदे आहेत का म्हणून मी ती कानाशी धरून हलवत होतो, तर भंगारवाला म्हणाला, "रिकामीच हाय, दादा."