सनरूफ फुटलं, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरने ३८,४५० रुपयांना टोपी घातली

३८,४५० रुपये मोजून मी गाडीवर डुप्लिकेट काच बसवून घेतली. तीही कुठल्या टपरीवजा गॅरेजात नाही, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. सनरूफवाले असाल तर वाचाच.

मे महिन्याचं भर ऊन, पातलीपाड्याचा सिग्नल, गाडी उभी. वर फाडकन आवाज आणि काचेचा चुरा. आतली शेड ओढलेली होती म्हणून डोकी वाचली. ना दगड, ना शेजारी ट्रक. टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) काच अशी आपोआप फुटू शकते. कडेचा बारीक टवका उडालेला असला किंवा बनवतानाच आत निकेल सल्फाइडचा कण राहिला असला, की एक दिवस ती जाते. त्या धंद्यातल्या माणसाला हे माहीत नसेल? तरी सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायजरने जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहिलं, ‘बाहेरून दगड लागला’. म्हणजे वॉरंटी बाद. मी सही केली. उघड्या छपराची गाडी घेऊन कोण वाद घालत बसणार?

मग म्हणतो, “सर, इन्शुरन्समध्ये टाकू नका, ३५ टक्के नो क्लेम बोनस जाईल. कॅश करा, लेबरमध्ये बघतो मी.” (नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट.)

इथेच पाणी मुरत होतं! एरवी साध्या ओरखड्यालाही क्लेम करा म्हणणाऱ्यांना माझ्या बोनसचा एवढा पुळका का? क्लेम टाकला असता तर विमा कंपनीने काच तपासली असती, फोटो मागितले असते. पण ३५ टक्के ऐकल्यावर माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. (क्लेम देताना काच जुनी झाली म्हणून घसारा कापत नाहीत, हे मात्र तो बोलला नाही.)

काच २९,८००, लेबर ५,२००, ‘सीलंट व इतर’ ३,४५०. लेबरमध्ये काय बघितलं, देव जाणे.

पहिल्याच पावसात छत गळलं. वागळे इस्टेटमधल्या काचवाल्याने नुसतं कोपऱ्यावर बोट ठेवलं. बाकी प्रत्येक काचेवर कंपनीचं नाव आणि आयएसआयचा शिक्का, सनरूफचा कोपरा कोरा. “साहेब, ही अकरा हजारांत बसते.”

जुनी काच? ‘स्क्रॅपला गेली.’ पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. कंपनीच्या कस्टमर केअरने तर कमाल केली. माझी तक्रार चौकशीसाठी त्याच सर्व्हिस सेंटरकडे पाठवली आणि मला मेसेज आला, ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे’. समाधान कोणाचं झालं ते तरी लिहा! पुन्हा फोन केला तर तक्रार बंद झाल्याने नवीन नोंदवा म्हणे. नवीन कुठे जाणार? त्याच ॲडव्हायजरच्या टेबलावर.

काच फुटली की चुरा झाडू नका. आधी फोटो, व्हिडिओ, मूठभर तुकडे पिशवीत. डॅशकॅमची क्लिप लगेच उतरवून ठेवा. जॉब कार्डवर कारण पटत नसेल तर सहीशेजारी ‘मान्य नाही’ लिहा. जुना पार्ट परत मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी तिकडेच निघालोय. बनावटीतच दोष वाटला तर सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी (कंपनीने गाड्या परत बोलावून दोष दुरुस्त करावा म्हणून) तक्रार टाका, गाडी ७ वर्षांच्या आतली हवी.

आणि बिलावर पार्ट नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या बिलावर नुसतं ‘ग्लास’ लिहिलंय.