पहिली सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफल: आठ महिने आणि ३,२०० काडतुसांनंतर

रायफल घेऊन आठ महिने झाले. परवा वहीतली बेरीज केली, तर ३,२०० काडतुसं झाली होती. आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, आणि ज्या गोष्टी मला फार उशिरा कळल्या त्यातली एकही त्यात आली नसती.

कायद्याचं आधी. सेमी-ऑटो रायफल सर्वसामान्य माणसाला ठेवता येते की नाही, मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतात, परवाना कसा मिळतो, हे सगळं देशागणिक बदलतं. काही ठिकाणी ही जात मिळतच नाही. ते नीट समजून घ्या आणि मगच मॉडेलं बघायला लागा. मीही तसंच केलं.

सेमी-ऑटो म्हणजे चाप एकदा दाबला की गोळी एकच सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर टाकून पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत, बसवायचं काम रायफल स्वतः करते. .२२ मध्ये बहुतेक ठिकाणी साधी ब्लोबॅक रचना असते. बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या लोखंडी ठोकळ्याला, कुलूप नाही. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं चालतं. गोळीला पुढे ढकलणारा दाबच पुंगळीला मागे रेटतो आणि बोल्ट तिच्याबरोबर मागे जातो. म्हणजे काडतुसात किती जोर आहे आणि रायफल आतून किती स्वच्छ आहे, यावर ती चालणार की अडकणार हे ठरतं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही काहीही न करता दुसरी गोळी तयार असते. बोल्ट-ॲक्शनमध्ये ती तुम्ही हाताने आणता, इथे ती आपणहून येऊन बसते. रायफल निवडताना, बसवताना आणि वापरताना मी जे काही शिकले ते शेवटी याच गोष्टीपाशी येतं.

.२२ एलआर (लाँग रायफल) हेच काडतूस का, हा प्रश्न मला पडला नाही. १८८७ सालापासून चालत आलेलं काडतूस, धक्का जवळजवळ नाही, आणि दिवसभर सराव केला तरी खांदा दुखत नाही. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, तेही याच काडतुसावर. फक्त त्या रायफलीत दर वेळी एकच काडतूस हाताने भरतात. मला मात्र वेळ लावून लोखंडी पाट्यांवर नेमबाजी करायची होती. स्टील चॅलेंज या पाट्यांवरच्या स्पर्धेत रिमफायर रायफलींचे, म्हणजे .२२ सारखी कडेवर आघात होऊन पेटणारी काडतुसं वापरणाऱ्या रायफलींचे, वेगळे विभाग आहेत, आणि तिथे सेमी-ऑटोच सोयीची.

या वर्गात सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे १९६४ साली आलेली रूगर १०/२२. दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन बुडाशी सपाट बसतं, बाहेर डोकावत नाही. त्या धाटणीवर बेतलेल्या रायफली इतर कंपन्याही बनवतात. माझी त्यातली एक. नळीखालच्या लांब ट्यूबमध्ये काडतुसं भरायची रायफलही मी हाताळून पाहिली. १९६० ची मार्लिन मॉडेल ६० त्या प्रकारची, आणि अनेकांची पहिली रायफल तीच. पण मला निघणारं मॅगझिन हवं होतं. ते काढून टेबलावर ठेवलं की काडतुसांचा साठा रायफलीपासून वेगळा झाल्याचं डोळ्यांना दिसतं. ट्यूबमध्ये एखादं मागे राहिलं तर ते चटकन दिसत नाही. नवख्या माणसाने हा फरक हलक्यात घेऊ नये.

आता दस्त्याबद्दल, कारण माझे पहिले दोन महिने इथेच वाया गेले. मी उंचीने लहान आहे. रायफलीचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण ३४ सेंटिमीटर होता, आणि मला ते अंतर जरा जास्तच पडत होतं. त्यावर वरून स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण चढवली, तीही उंच रिंगांवर, कारण दुकानात त्याच हाताशी होत्या. झालं असं की डोळा स्कोपसमोर आणायचा तर गाल दस्त्यावरून उचलावा लागायचा. गाल अधांतरी असला की डोकं दर वेळी वेगळ्या जागी येतं आणि गोळ्या पसरतात. मी दोष नळीला देत होते, काडतुसांना देत होते.

रेंजवरच्या एका अनुभवी बाईंनी एक साधी कसोटी सांगितली. रिकामी रायफल, तपासलेली, नळी सुरक्षित दिशेला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल जिथे आरामात टेकेल तिथे टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये काठापासून काठापर्यंत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. मला दिसली काळी चंद्रकोर. मग रिंगा बदलून बुटक्या घेतल्या, दस्त्यावर पट्ट्याने बांधायची गालाची गादी लावली आणि मागचा पॅड पातळ केला. एवढ्यावर ५० मीटरवरचा पसारा जवळजवळ निम्मा झाला. महागडी नळी घ्यायचा विचार करणाऱ्याने त्याआधी हे तीन बदल करून पाहावेत.

स्कोप मी ३ ते ९ पट मोठं दाखवणारा घेतला, पण रिमफायरसाठी बनवलेला. कारण पॅरॅलॅक्स. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्ड किंवा त्याहून लांबवर जुळवलेले असतात, रिमफायरचे साधारण ५० यार्डांवर. चुकीच्या अंतरावर जुळवलेल्या स्कोपमध्ये डोळा किंचित सरकला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते.

फुली सरळ बसवायला खास उपकरण लागत नाही. मी भिंतीसमोर ओळंबा टांगला. रायफल दोन उश्यांवर सपाट ठेवली, स्पिरिट लेव्हलने तपासली, आणि स्कोप रिंगांमध्ये एवढासा फिरवत राहिले, जोवर उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसत नाही तोवर. एक संध्याकाळ गेली त्यात. दोरी हलायची थांबेपर्यंत श्वास धरून बसायचं, एक स्क्रू पाव फेरी आवळायचा, परत बघायचं, मग समोरचा स्क्रू. एकाच बाजूचे स्क्रू घट्ट करत गेलं की स्कोप हळूच फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

याच कामात माझी एक चूक झाली. बेसचे, म्हणजे रिंगा ज्या पट्टीवर बसतात तिचे, स्क्रू बसवताना त्यांच्यावरचं कारखान्यातलं तेल मी पुसलंच नाही. तीनशेएक गोळ्यांनंतर एक दिवस नेम डावीकडे सहा सेंटिमीटर गेला. मी स्कोपच्या नेम जुळवायच्या चकत्या फिरवत तो परत आणला. पुढच्या आठवड्यात तो उजवीकडे गेला. दोन डबे काडतुसं संपल्यावर सहज बोट लावलं, तर बेसच डुगडुगत होता. तेव्हापासून स्क्रू काढून, पुसून, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून, दिलेल्या मापाच्या टॉर्कनेच आवळते आणि डोक्यावरून नेलपॉलिशची बारीक रेघ ओढते. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. नेम अचानक बदलला तर चकतीला हात लावायच्या आधी रेघा बघायच्या.

झिरो करताना, म्हणजे फुली जिथे तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवताना, आधी २५ मीटर, मग ५०. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) स्कोपच्या चकतीचा एक क्लिक ५० मीटरवर साधारण ३.६ मिलिमीटर सरकवतो. गोळ्या ३६ मिलिमीटर खाली पडत असतील तर दहा क्लिक वर. पण एका गोळीवरून चकती फिरवू नका. पाच मारा, मधला बिंदू काढा आणि मगच फिरवा. ५० मीटरवर झिरो केलेली .२२, स्टँडर्ड वेगाचं काडतूस असेल तर, १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली लागते. म्हणून ही गोळी दुबळी आहे असं मात्र समजू नका. काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. मागे मातीचा भक्कम बांध नसेल तिथे ही रायफल उचलायची नाही.

काडतुसांचे मी पाच प्रकार वापरून पाहिले, प्रत्येकाचे पाच गोळ्यांचे पाच ग्रुप (ग्रुप म्हणजे कागदावर गोळ्यांचा पडलेला पसारा, जितका लहान तितका चांगला), सगळे ५० मीटरवर आणि वाळूच्या पिशवीवरून. वेगवान ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) काडतूस, ज्याची गोळी आवाजापेक्षा जास्त वेगाने जाते, माझ्या नळीतून सरासरी ३८ मिलिमीटरचा ग्रुप देत होतं. आवाजाच्या वेगाखालचं स्टँडर्ड काडतूस २४. फरक मोठा होता, पण नव्या रायफलीची स्प्रिंग ताठ असल्यामुळे तेच स्टँडर्ड काडतूस सुरुवातीला बोल्टला पूर्ण मागे नेत नव्हतं. पुंगळी बाहेर पडायच्या जागेत धुराड्यासारखी उभी अडकायची. दोनेकशे वेगवान गोळ्या मारून स्प्रिंग जरा सरावली आणि मग स्टँडर्ड सुरळीत चालायला लागलं. नवी रायफल अडकते म्हणून घाबरून परत करायची घाई करू नये. तुमच्या नळीला कुठलं मानवेल हे दुसऱ्याचं वाचून कळत नाही, तेव्हा थोडं थोडं आणून मारून पाहा.

सफाईबद्दल माझं मत बदललं. आधी मी दर वेळी नळी घासून काढायची. मग लक्षात आलं की स्वच्छ नळीतल्या पहिल्या आठदहा गोळ्या इकडेतिकडे जातात. गोळीवरच्या मेणाचा थर बसला की ती स्थिरावते. आता नळीतून साफसफाईची दोरी पाचशेएक गोळ्यांनी एकदा ओढते, चेंबरकडून तोंडाकडे. बोल्टचा चेहरा आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखालची फट मात्र दर वेळी, दात कोरायच्या काडीने. तिथून मेण आणि काजळीचा काळा चिकट गोळा निघतो, आणि बहुतेक अडकाअडकीचं मूळ तोच. तेल अगदी थोडं. मॅगझिनच्या आत अजिबात नाही. आणि हात धुणं विसरू नका, खाण्यापिण्याच्या आधी नक्कीच. या काडतुसांत शिसं उघडं असतं आणि प्रायमरमध्येही असतं. कानांना संरक्षण .२२ लाही लागतं.

आता जे मला सगळ्यात आधी कोणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं ते. तिसऱ्या आठवड्यात सराव थांबवताना मी आधी बोल्ट ओढला. चेंबरमधलं काडतूस उडून चटईवर पडलं. बोल्ट सोडला, मग मॅगझिन काढलं आणि रायफल रिकामी झाली असं धरून चालले. रेंज अधिकारी मागे उभे होते. "मॅगझिन आधी, बोल्ट नंतर. आता परत ओढा." मी ओढला. आणखी एक जिवंत काडतूस चटईवर येऊन पडलं, सोनेरी, माझ्या गुडघ्याशी. मॅगझिन आत असताना बोल्ट सोडला होता, त्याने आपलं काम चोख केलं होतं. नळी लक्ष्याकडेच होती आणि बोट चापाबाहेर होतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं. हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

तेव्हापासून क्रम ठरलेला: मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे ओढून अडकवायचा, डोळ्याने बघायचं, करंगळीने चेंबर चाचपायचं, मग चेंबरमध्ये पिवळी झेंडी. या धाटणीच्या रायफलींत शेवटच्या गोळीनंतर बोल्ट आपोआप मागे थांबत नाही, म्हणजे रिकामी झाल्याची खूणही मिळत नाही. काडतूस फुटलं नाही तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, म्हणून पुढची गोळी नाही. सगळं काढून आधी नळीतून आरपार बघायचं.

चाप जड आहे, हीच माझी खरी तक्रार. अडीच किलोच्या आसपास ओढावा लागतो. इंटरनेटवर कानस घेऊन तो हलका करायचे उपाय सापडतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. सेमी-ऑटोमध्ये चापाची पकड बिघडली तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. मी तयार बनवलेलं चापाचं युनिट बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून बसवून घेणार आहे.

मॅगझिनं तीन घ्या आणि त्यांवर रंगाने आकडे घाला. माझ्या वहीत मधल्या महिन्यात बारा वेळा अडकल्याची नोंद आहे, त्यातल्या दहा वेळा मॅगझिन ३. उघडून पाहिलं तर आत मेणाचा थर आणि वाळूचे दोन कण. पुसून कोरडं केलं, तेव्हापासून गप्प आहे. काल ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप १९ मिलिमीटर आला, आजवरचा सगळ्यात लहान. शेजारी लिहिलंय: स्टँडर्ड काडतूस, मॅगझिन २, वारा डावीकडून मंद, सफाईनंतरची सत्तरावी गोळी.