आरोग्य केंद्र वाचवायचंय: वर्गणी काढू, अर्ज करू की कोर्टात जाऊ?

सरकारी दवाखान्याला कात्री लागते तेव्हा कुणी तशी पाटी लावत नाही. सिस्टर प्रतिनियुक्तीवर तालुक्याला जाते आणि कागदावर पद भरलेलंच राहतं. डॉक्टरांकडे शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार येतो. मग एके दिवशी औषधाच्या खिडकीतून गोळ्यांऐवजी वहीचा चतकोर तुकडा बाहेर येतो, ‘बाहेरून घ्या’ म्हणून. खिडकीपुढच्या बाईच्या कडेवर तापलेलं पोर असतं, आणि मेडिकल पाच किलोमीटरवर.

अशा वेळी ग्रामपंचायत सदस्य किंवा तरुण मंडळातली मुलं विचारतात, नेमकं करायचं काय? वाटा तीन दिसतात.

वर्गणी सगळ्यात सोपी. आठवड्याभरात इन्व्हर्टर बसतो, फोटो निघतो, सगळे खूश. पण केंद्रात बहुतेक वेळा कमी असतात ती माणसं, आणि वर्गणीतून नर्सचा पगार किती महिने चालवणार? ग्रामपंचायतीच्या पैशाचंही तेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीलाही पगारावर खर्चाची मनाई. दुसरी अडचण जास्त वाईट आहे. गावाने विकत आणलेली औषधं केंद्राच्या साठा रजिस्टरात तुटवडा म्हणून चढत नाहीत, त्यामुळे वर फक्त ‘तक्रार नाही’ एवढंच पोचतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वर्गणी वस्तूला द्यावी, पगाराला आणि रोजच्या औषधाला देऊ नये. आणि तीही रुग्ण कल्याण समितीचा, म्हणजे केंद्राचा निधी कुठे खर्चायचा ते ठरवणाऱ्या समितीचा, जमाखर्च बघितल्यावरच. (एका गावात समितीच्या सदस्यालाच मी हा हिशेब विचारला. आपण समितीवर आहोत हे त्यांना माझ्याकडून कळलं.)

अर्जाची वाट कंटाळवाणी आहे, पण मी तिच्याच बाजूचा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आतला हवा. ‘औषधं का नाहीत’ असं विचारलं की गोलमाल उत्तर येतं. त्याऐवजी नोंदी मागा: मंजूर पदं किती, प्रत्यक्ष हजर किती, प्रतिनियुक्तीवर कोण आणि कुणाच्या आदेशाने, निधी किती आला आणि कोणत्या तारखेला. त्यातली तारीख सोडू नका. वर्षाचा निधी मार्चमध्ये खात्यावर पडला, तर कागदावर कपात शून्य असते आणि दवाखान्यात वर्ष कोरडं गेलेलं असतं.

हे कागद हातात आले की ग्रामसभेच्या ठरावाला वजन येतं. राज्यात 2007 पासून लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याचं काम पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झालं. त्यातल्या जनसुनवायांत अधिकाऱ्यांसमोर लोक आपापली प्रकरणं मांडत. या वाटेचा खरा धोका वेगळाच आहे. तक्रारीचा फटका मुंबईला बसत नाही, तो बसतो तीन उपकेंद्रं एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरला. तिला मेमो मिळतो, पद रिकामं ते रिकामंच. त्यामुळे तक्रार पदाबद्दल लिहा, माणसाबद्दल नको. शक्य असेल तर आधी तिच्याशीच बोला. काय संपलंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

कोर्टाचा आधार भक्कम आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. त्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली म्हटलं, की पैसा नाही हे सांगून सरकारला ही जबाबदारी टाळता येणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण मेळघाटही बघा. तिथल्या कुपोषणावरच्या 2007 च्या याचिकेवर 2025 मध्येही सुनावण्या चालूच होत्या. एका केंद्रातल्या एका रिकाम्या पदासाठी ही वाट धरू नये. दहा-बारा गावांचं दुखणं एकच असेल, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालयच सर्जनविना पडलं असेल, तर जरूर. वकील पहिल्या भेटीत विचारतात, आधी कुणाकुणाला लिहिलंत, पोच कुठे आहे? म्हणजे फिरून आपण अर्जावरच येतो.

तेव्हा छप्पर गळत असेल तर वर्गणी काढा. माणूस किंवा औषध नसेल तर अर्ज, ठराव आणि पुन्हा अर्ज. जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी 3 ते 5 अभिलेख बघू द्यावेत असं राज्याचं 2018 चं परिपत्रक आहे, त्याची प्रत सोबत ठेवा. वही आणि दोन पेनंही न्या. झेरॉक्स मशीन बंद आहे, असं हमखास सांगतात.