चिपा राखाव्यात की वाढवाव्यात? मोठ्या पोकर स्पर्धेतील जोखीम आणि दुर्दैव

मोठ्या प्रवेशमूल्याच्या नो-लिमिट होल्डेम स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूसमोर दोन मार्ग असतात. (पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, पटावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडतात आणि केव्हाही सगळ्या चिपा, म्हणजे पैजेच्या सोंगट्या, लावता येतात.) एक मार्ग टिकून राहण्याचा: बरोबरीच्या लढती टाळायच्या, पाने सोडून द्यायची आणि स्पष्ट वरचष्मा असेल तेव्हाच सगळ्या चिपा पणाला लावायच्या. दुसरा मार्ग वाढीचा: थोडासाही फायदा दिसला की पुढे सरसावायचे आणि त्या भरात लवकर बाहेर पडावे लागले तरी ते मान्य करायचे. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपल्या म्हणण्यासाठी गाजलेल्या डावांचे दाखले देतात. पण त्यातले बरेचसे दाखले निर्णयाबद्दल नसतात, शेवटच्या पानाबद्दल असतात. म्हणून निवड करण्यापूर्वी जोखीम आणि दुर्दैव यांची सरमिसळ थांबवणे आवश्यक आहे.

निव्वळ दुर्दैव कशाला म्हणावे, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण 2014 मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धामालिकेत, 10 लाख डॉलर प्रवेशमूल्याच्या ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ स्पर्धेत घडले. कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ या दोघांच्याही हाती एक्क्यांची जोडी होती आणि दोघांच्याही चिपा मध्ये गेल्या. असा डाव जवळजवळ नेहमीच बरोबरीत सुटतो. एका बाजूने तो जिंकण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन असते. पटावर चार बदामे उतरली, बदामाचा एक्का कॅट्झकडे असल्याने त्याची बदामाची पाच पाने जुळली आणि ड्रिनन बाहेर पडला. होल्डेममधील सर्वांत बलवान सुरुवातीची पाने हाती असताना ऑल-इन जाण्यात, म्हणजे सगळ्या चिपा लावण्यात, कोणताही दोष काढता येत नाही, त्यामुळे या डावातून कोणत्याही मार्गाच्या बाजूने काही सिद्ध होत नाही.

खरी चर्चा करण्याजोगा डाव 2010 च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेतला आहे. पंधरा खेळाडू उरले होते. मॅट अ‍ॅफ्लेककडे एक्क्यांची जोडी होती, जोनाथन ड्युहामेलकडे गुलामांची. फ्लॉपवर (पटावरची पहिली तीन पाने) दश्शी, नव्वी आणि सत्ती आली, टर्नवर (चौथे पान) राणी. अ‍ॅफ्लेक ऑल-इन गेला, ड्युहामेलने बराच वेळ विचार करून कॉल केला (तेवढ्याच चिपा लावून पैज स्वीकारली), रिव्हरवर (पाचवे, शेवटचे पान) अठ्ठी पडली आणि त्याची सरळ क्रमवारी, म्हणजे ओळीने पाच पाने, पूर्ण झाली. अ‍ॅफ्लेक पंधराव्या क्रमांकावर बाहेर पडला; ड्युहामेल पुढे विजेता झाला.

या डावाचा हिशोब प्रत्येकाने एकदा तरी स्वतः मांडून पाहावा. ड्युहामेलला चार अठ्ठ्या, चार राजे किंवा उरलेले दोन गुलाम, म्हणजे न दिसलेल्या 44 पानांपैकी 10 पाने उपयोगी होती. शक्यता सुमारे 23 टक्के. कॉलसाठी द्यावी लागणारी किंमत मात्र अंतिम पॉटच्या (मध्ये जमलेल्या एकूण चिपांच्या) चौथ्या हिश्शाहून काहीशी जास्त होती. एक्के समोर उघडे दिसत असते, तर हा कॉल तोट्याचा ठरला असता. परंतु ते दिसत नव्हते. अ‍ॅफ्लेककडे एक्का-राजासारखी पानेही असू शकली असती आणि तशा वेळी गुलामांची जोडी पुढे राहिली असती. शिवाय ड्युहामेलकडे चिपा जास्त होत्या, त्यामुळे हरला असता तरी तो स्पर्धेत राहिला असता. म्हणून मी त्या कॉलला बेफिकिरी म्हणणार नाही. तो सीमारेषेवरचा, पण समर्थन करता येईल असा निर्णय होता. अ‍ॅफ्लेकच्या बाजूने पाहिले तर पैसे मध्ये गेले तेव्हा 77 टक्के पारडे त्याच्याकडे झुकलेले होते आणि ऑल-इन जाणाऱ्याला याहून फारसे काही मागता येत नाही.

2003 च्या मुख्य स्पर्धेत फिल आयव्हीचेही असेच झाले. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी होती, ख्रिस मनीमेकरकडे एक्का आणि राणी. टर्नवरच्या नव्वीने आयव्हीचे फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) झाले आणि मनीमेकरसाठी 44 पैकी केवळ सात पाने उरली. रिव्हरवर एक्का आला, आयव्ही दहाव्या क्रमांकावर अंतिम टेबलाच्या उंबरठ्यावरून परतला आणि मनीमेकर जगज्जेता झाला.

टिकून राहण्याचा मार्ग निवडणाऱ्याने आपल्या मार्गाची मर्यादाही तपासावी. समजा, खेळाडू इतका संयमी आहे की 80 टक्के बाजू असल्याशिवाय सगळ्या चिपा लावतच नाही. अशा पाच ऑल-इन लढती ओळीने जिंकण्याची शक्यता सुमारे 33 टक्के उरते. 55 टक्क्यांच्या लढती घेणाऱ्यासाठी हाच आकडा 5 टक्क्यांवर येतो. संयमाचा फायदा यात निःसंशय दिसतो, परंतु संयमी खेळाडूही तीनपैकी दोन वेळा कोठेतरी अडखळणारच, हेही दिसते. त्यातच ब्लाइंड, म्हणजे दर डावात दोन खेळाडूंनी पाने पाहण्यापूर्वीच लावायच्या सक्तीच्या चिपा, वाढत राहतात. मुख्य स्पर्धेत 60,000 चिपा आणि दोन तासांच्या पातळ्या (तेवढा वेळ ब्लाइंड तेच राहतात) मिळतात, म्हणजे सुरुवातीला 300 बिग ब्लाइंड (दोनपैकी मोठ्या ब्लाइंडच्या 300 पट चिपा) हाताशी असतात. तेथे वाट पाहणे स्वस्त आहे. वेगवान स्पर्धेत वाट पाहणाऱ्याच्या चिपा ब्लाइंडच खाऊन टाकतात.

वाढीच्या मार्गाचे समर्थन करताना एक फरक सर्वांत महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो: स्वतः ऑल-इन जाणे आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणे या दोन वेगळ्या जोखमी आहेत. खेळाडूकडे 12 बिग ब्लाइंड आहेत आणि ब्लाइंड व अँटी (डावाआधी भरायची आणखी एक सक्तीची रक्कम) मिळून मध्ये अडीच आहेत, असे समजू. त्याने बटनवरून (ब्लाइंड भरणाऱ्या दोघांच्या लगेच आधीच्या जागेवरून) ऑल-इन जाहीर केले आणि 60 टक्के वेळा सगळ्यांनी पाने टाकली, तर त्याचे साडेचौदा होतात. उरलेल्या 40 टक्के वेळा बिग ब्लाइंड भरणाऱ्याने कॉल केला आणि याची जिंकण्याची शक्यता केवळ 35 टक्के असली, तरी एकूण सरासरी सुमारे 12.27 येते, म्हणजे पाने टाकण्यापेक्षा थोडी अधिक. कॉल झाल्यास मागे असणारी पानेही येथे फायद्याची ठरतात, कारण समोरचा माघार घेऊ शकतो. कॉल करणाऱ्याला ही सवलत नसते; त्याला पाने उघडून जिंकावेच लागते.

बक्षिसांच्या पायरीजवळ हा फरक आणखी रुंदावतो. चार खेळाडू उरले आहेत, चौघांकडे समान चिपा आहेत आणि एक लाख रुपयांचे वाटप 50, 30 आणि 20 हजार असे आहे. या क्षणी प्रत्येकाचा वाटा 25,000 रुपये मानता येतो. कोणी कॉल करून एकाला बाहेर काढले, तर त्याच्या चिपा दुप्पट होतात. परंतु पोकरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयसीएम (चिपांचे बक्षिसाच्या रकमेतले मोल काढणाऱ्या) गणितानुसार त्याचा वाटा 50,000 नव्हे, सुमारे 38,333 रुपये होतो. हरल्यास हाती शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले, तर या कॉलला किमान 65 टक्के शक्यता हवी. जोडी विरुद्ध दोन मोठी पाने ही सुमारे 55 टक्क्यांची लढत येथे सरळ तोट्याची आहे. तसा कॉल करून हरणाऱ्याने नशिबाला बोल लावला, तर मी तो मान्य करणार नाही, कारण त्याचे नुकसान पान उघडण्यापूर्वीच झाले होते. याउलट ऑल-इन जाणाऱ्याला हीच 65 टक्क्यांची भिंत उपकारक ठरते: समोरच्याला बरीच चांगली पानेही टाकावी लागतात.

म्हणून मला या दोन मार्गांपैकी एकच सबंध स्पर्धेसाठी निवडणे चुकीचे वाटते. पुन्हा प्रवेश नसलेल्या, संथ स्पर्धेच्या प्रारंभी कमी अनुभवी खेळाडूंचे टेबल मिळाले असेल, तर बरोबरीची लढत सोडावी, कारण त्याहून चांगली संधी येण्याची शक्यता पुष्कळ असते. टेबलावर आपणच सर्वांत दुबळे असू, तर हा युक्तिवाद उरत नाही. तेथे लहान फायदाही घ्यावा. चिपा 10 ते 15 बिग ब्लाइंडवर आल्या की ऑल-इन जाण्यात पुढाकार घ्यावा आणि कॉल करताना हात आखडता ठेवावा. बक्षिसाच्या उंबरठ्यावर आपल्याहून मोठ्या चिपांच्या ढिगाशी भिडणे टाळावे आणि आपल्याहून लहान ढिगावर दबाव आणावा.

बक्षिसांची रचना पाहिल्याशिवाय यातला कोणताही सल्ला वापरू नये. 2023 च्या मुख्य स्पर्धेत 10,043 प्रवेश होते आणि विजेत्या डॅनियल वाइनमनला 1 कोटी 21 लाख डॉलर मिळाले. साधारण 15 टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळते आणि त्यातलाही मोठा हिस्सा अगदी वरच्या काही जागांवर जातो. अशा रचनेत नुसते टिकून शेवटच्या बक्षिसापर्यंत पोहोचणे फारसे मोलाचे नाही, वाढ हवीच. सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेची तिकिटे बक्षीस असलेल्या स्पर्धेत, सगळे उलटते. दहा समान तिकिटे आहेत, अकरा खेळाडू उरले आहेत आणि आपल्याकडे भरपूर चिपा आहेत, तर दुसऱ्या मोठ्या ढिगाच्या ऑल-इनसमोर एक्क्यांची जोडीही टाकून देणे बरोबर ठरू शकते, कारण जास्तीच्या चिपांना तेथे काहीच मोल नसते.

2025 च्या कायद्याने भारतात पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले. त्यानंतर मराठी खेळाडूला जवळचे ठिकाण म्हणजे गोव्यातील कॅसिनो. तेथील स्पर्धेत नाव नोंदवण्यापूर्वी पुन्हा प्रवेशाची मुभा किती वेळ आहे, पातळी किती मिनिटांची आहे आणि पहिल्या व शेवटच्या बक्षिसात किती अंतर आहे, या तीन गोष्टी नियमपत्रकात पाहाव्यात. पुन्हा प्रवेश खुला असेल आणि दुसरे मूल्य भरण्याची तयारी पक्की असेल, तर सुरुवातीची बरोबरीची लढत घ्यायला हरकत नाही. ती तयारी नसेल, तर समोरच्याला दुसरी संधी आहे आणि आपल्याला नाही, हे धरूनच त्याचे सैल, म्हणजे दुबळ्या पानांवरचेही, ऑल-इन वाचावे लागतात.