निर्यातीची द्राक्षं: ब्लॉकचेन घ्यावी की ग्रेपनेटवर भागेल?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत हा विषय आला असेल, तर आधी एवढंच बघा की नोंद कोणाच्या हातात राहते.

ग्रेपनेट म्हणजे अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची, द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली. तिच्यात नोंद सरकारी यंत्रणेकडे असते. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे, रसायनांच्या अंशांच्या तपासणीचा नमुना लॅब घेते, आणि अहवाल पास झाल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. माग थेट प्लॉटपर्यंत लागतो. ब्लॉकचेनमध्ये तीच नोंद शेतकरी, पॅकहाऊस, निर्यातदार, आयातदार अशा सगळ्यांकडे राहते आणि कोणा एकाला ती गुपचूप बदलता येत नाही. वॉलमार्ट आणि आयबीएमच्या चाचणीत आंब्याच्या कापांचा माग काढायला आधी जवळपास ७ दिवस लागले होते, तो २.२ सेकंदांत लागला. पण माझ्या मते त्या वेगाचं बरंचसं श्रेय नोंदी संगणकावर एकत्र आल्याला आहे, आणि ते ग्रेपनेटमध्ये आधीच झालेलं आहे.

२०१० आठवा. लिहोसिनचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली. तेव्हा ग्रेपनेट चालू होती, पण तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. ब्लॉकचेन असती तरी काय वेगळं झालं असतं? हंगामाच्या शेवटी एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेली फवारणीची वही तिच्यावर चढवली, तर खोटी नोंदच कायमची पक्की होते. ग्राहकाचा विश्वास नमुना कोण घेतो यावर बसतो, म्हणून पैसा आधी अंश तपासणीवर घाला.

ब्लॉकचेन उजवी ठरते ती पैशाच्या हिशेबात. कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला पोचतो, ‘माल मऊ निघाला’ असा निरोप येतो आणि बागायतदाराचा दर कापला जातो. कंटेनरमधलं तापमान काय होतं, तिथे पाहणी कोणी केली, विक्री कितीला झाली, हे त्याला कोणी दाखवत नाही. ही नोंद निर्यातदाराला दिसते त्याच क्षणी शेतकऱ्यालाही दिसली, तर ती खरी पारदर्शकता. ग्रेपनेट यासाठी बनलेलीच नाही.

अडचण एकच, सगळ्यांनी त्यात उतरायला हवं. जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएमची ट्रेडलेन्स ही मालवाहतुकीची ब्लॉकचेन सेवा २०१८ मध्ये सुरू झाली. उद्योगातून पुरेशी साथ मिळाली नाही म्हणून २०२२ मध्ये ती गुंडाळण्याची घोषणा झाली. म्हणून करार करण्याआधी विक्रेत्याला विचारा: आयातदार स्वतः नोंद टाकणार का, आणि सेवा बंद पडली तर आमच्या नोंदी आम्हाला परत मिळतील का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ग्रेपनेट आणि स्वतःचा साधा क्यूआर कोड पुरे.