फोन, टॅब्लेट आणि घड्याळावर हातकंप मोजणं : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोन, पेनचा टॅब्लेट आणि मनगटी घड्याळ, तिन्हींनी हाताचा कंप मोजता येतो, पण तिन्ही एकच गोष्ट मोजत नाहीत. काही महिने तिन्ही सोबत वापरल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे. कंप सेकंदाला किती वेळा होतो, म्हणजे त्याची वारंवारिता (हर्ट्झमध्ये मोजतात), फोनवरून पहिल्या नोंदीपासून भरवशाने मिळते. कंप किती मोठा आहे, हा आकडा मात्र फार चंचल आहे. हात कसा टेकवला, फोन कुठे बांधला आणि औषध घेऊन किती वेळ झाला यावर तो इतका बदलतो की या तीन गोष्टी ठरवल्याशिवाय दोन नोंदींची तुलनाच करू नये.

फोनपासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांकडे असतो. आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप या कामाला पुरतं. ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) आणि जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) दोन्हींचा कच्चा डेटा मिळतो आणि तो सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतो. वेळ लावून नोंद सुरू करायची सोय त्यात आहे, ती जरूर वापरावी. दहा सेकंद उशिराने सुरुवात आणि साठ सेकंदांची नोंद असं ठेवलं की बटण दाबतानाचा धक्का फाइलमध्ये येत नाही. सेकंदाला १०० नमुने भरपूर झाले. नोटिफिकेशन आणि व्हायब्रेशन बंद ठेवावं.

फोन हातात धरायला मात्र सांगू नये. धरलं की पकडीचे स्नायू कामाला लागतात आणि विश्रांतीतला कंप दबतो, म्हणजे जे मोजायचं तेच नाहीसं होतं. फोन तळहाताच्या मागच्या बाजूला रुंद इलॅस्टिक पट्ट्याने घट्ट बांधावा. सैल राहिला तर तो पट्ट्यात स्वतःच थरथरतो आणि आलेखात एक उपरा उंचवटा दिसतो.

आता वजनाचा प्रश्न. माणसाचा हात, मनगटापासून पुढचा, साधारण ४०० ग्रॅम भरतो आणि फोन १७० ते २०० ग्रॅमचा. म्हणजे हाताच्या जवळपास निम्मं वजन आपणच त्याच्यावर लादतो. नैसर्गिक बारीक कंप काही अंशी हाताच्या वस्तुमानावर आणि सांध्याच्या ताठरपणावर ठरतो, त्यामुळे वजन वाढलं की त्याची वारंवारिता उतरते. मेंदूतून चालणारा कंप, म्हणजे पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारातला किंवा इसेन्शियल ट्रेमर या, मुख्यतः हात वापरताना दिसणाऱ्या, विकारातला, वजनाने फारसा हलत नाही. तपासणीत हाच फरक मुद्दाम वापरतात. हातावर ५०० ग्रॅमचं वजन बांधून पुन्हा नोंद घेतात. शिखर, म्हणजे ज्या वारंवारितेवर कंप सगळ्यात जास्त असतो ती जागा, एक हर्ट्झपेक्षा जास्त खाली सरकलं तर कंपाचा मोठा भाग हाताच्या यांत्रिकीतून येतो. फोन आधीच बांधलेला असेल तर या चाचणीची सुरुवातच वजनासकट होते. बारीक, जलद कंपासाठी म्हणूनच २०–३० ग्रॅमचा वेगळा सेन्सर बरा. तो नसेल तर निदान दर वेळी तोच फोन, तोच पट्टा आणि तीच जागा ठेवावी.

नोंदी तीन स्थितींत घ्याव्यात. पहिली विश्रांतीतली. कोपर आणि पुढचा हात पूर्ण टेकलेला, पंजा खुर्चीच्या हातावरून सैल सोडलेला, आणि तोंडाने १०० मधून सात-सात वजा करत उलटं मोजणं. हे उलटं मोजणं गाळू नये, कारण मन गुंतलं की पार्किन्सन्सचा कंप वर येतो आणि शांत बसलेल्या माणसात तो कधीकधी दिसतच नाही. दुसरी हात समोर ताठ धरून. इथे पूर्ण साठ सेकंद थांबावं. पार्किन्सन्समध्ये हात उचलल्यावर कंप आधी थांबतो आणि काही सेकंदांनी परत सुरू होतो. पाच सेकंदांची घाईची नोंद त्या मोकळ्या जागेतच संपते आणि ‘कंप नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये असा विराम सहसा नसतो. तिसरी स्थिती हालचालीतली, बोट नाकाला आणि मग समोरच्या माणसाच्या बोटाला लावण्याची.

विश्लेषणात सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे ॲपमधला ‘एकूण त्वरण’ हा आकडा. तीन अक्षांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की उणे चिन्ह नाहीसं होतं. एकाच अक्षावर पुढे-मागे होणारा ५ हर्ट्झचा कंप मग १० हर्ट्झचा दिसतो आणि पार्किन्सन्सच्या हाताला नैसर्गिक कंपाचं लेबल लागतं. उपाय सोपा आहे. तिन्ही अक्षांचा वर्णपट (कोणत्या वारंवारितेला किती कंप आहे याचा आलेख) वेगवेगळा काढायचा आणि मग ते वर्णपट एकमेकांत मिळवायचे. त्याआधी २ हर्ट्झच्या खालचा भाग गाळून टाकायचा, म्हणजे हाताची संथ हालचाल निघून जाते. वर्णपटासाठी चार सेकंदांचे तुकडे घेतले तर पाव हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. एका सेकंदाचे तुकडे घेतले तर ४ आणि ५ मधलं काही कळत नाही.

शिखर कुठे आलं यावरून ढोबळ अंदाज बांधता येतो. पार्किन्सन्सचा विश्रांतीतला कंप बहुधा ४ ते ६ हर्ट्झ, इसेन्शियल ट्रेमर ४ ते १२, नैसर्गिक कंप ८ ते १२, आणि लहान मेंदूच्या बिघाडाचा कंप ५ च्या खाली. पट्टे एकमेकांवर चढतात, तेव्हा ५.५ हर्ट्झ या एका आकड्यावरून आजाराचं नाव सांगणं गैर आहे. फोनने निदान करू पाहणाऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे की निदान न्यूरॉलॉजिस्टने हात, चाल, ताठरपणा आणि इतिहास पाहूनच करायचं असतं.

आयामाचं, म्हणजे कंप किती मोठा आहे याचं, गणित एकदा हाताने करून पाहावं, म्हणजे आकड्यांचा धाक राहत नाही. ४, पायचा वर्ग आणि वारंवारितेचा वर्ग यांच्या गुणाकाराने त्वरणाला भागलं की विस्थापन, म्हणजे हात मध्यापासून किती सरकतो ते, मिळतं. ५ हर्ट्झला १ मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे मध्यापासून सुमारे १ मिलिमीटर. तेच त्वरण १० हर्ट्झला असेल तर फक्त पाव मिलिमीटर. म्हणून वारंवारिता वेगळी असलेल्या दोन हातांचं त्वरण थेट ताडून पाहू नये. शिवाय हात कललेला असताना गुरुत्वाकर्षणही त्वरणात मिसळतं. एका अंशाच्या कलाला ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका हिशेब येतो. ३ हर्ट्झच्या संथ कंपात ही भेसळ जाणवण्याइतकी असते. जायरोस्कोप कोनीय वेग मोजतो, त्याला गुरुत्वाकर्षणाची बाधा नाही, त्यामुळे आम्ही आयामासाठी त्याच्यावरच जास्त विसंबतो.

डॉक्टर पार्किन्सन्सची तीव्रता ठरवणाऱ्या एमडीएस-यूपीडीआरएस मापनावर ० ते ४ गुण देतात. त्यात हाताचा कंप १ सेंटिमीटरच्या आत असेल तर १, १ ते ३ ला २, ३ ते १० ला ३ आणि त्यापुढे ४. या पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत, दर पायरीला कंप साधारण तिपटीने वाढतो. सेन्सरचा आकडा २० टक्के घटला तर गुणांत बहुधा काहीच हलणार नाही आणि रुग्णालाही पेला धरताना फरक जाणवणार नाही. आलेख लॉगरिदमिक (दर पायरीला ठरावीक पटीने वाढणाऱ्या) पट्टीवर काढला की असे छोटे चढउतार त्यांच्या लायकीइतकेच दिसतात.

टॅब्लेटवरच्या चक्राकृतीने, म्हणजे आर्किमिडीजच्या सर्पिलाने, मात्र आम्हाला सुखद धक्का दिला. एक धोका आधी सांगतो. चित्रकलेची ॲप्स रेष गुळगुळीत करून दाखवतात. ती सोय चालू राहिली तर कंप तिथल्या तिथे पुसला जातो आणि सर्पिल निरोगी हाताचं वाटतं. पेनाचे कच्चे बिंदू वेळेसकट साठवणारंच ॲप हवं. काच निसरडी असते, म्हणून वर खरखरीत फिल्म लावावी. मनगट आणि कोपर टेकू देऊ नये, दोन्ही हातांनी तीन-चार फेऱ्यांचं सर्पिल काढून घ्यावं. मग केंद्रापासूनचं अंतर आणि कोन यांचा आलेख काढायचा. आदर्श सर्पिलात तो सरळ रेषा असतो आणि रेषेभोवतीची नागमोड म्हणजे कंप. इसेन्शियल ट्रेमरमध्ये ही नागमोड बऱ्याचदा एकाच दिशेच्या अक्षावर ठळक असते, तर पार्किन्सन्समध्ये सर्पिल लहान आणि दाटीचं होत जातं. विश्रांतीत जोरात हलणारा हात कधीकधी सुरेख सर्पिल काढतो. त्यात उपकरणाची चूक नसते, तो कंप हालचालीत थांबतो इतकंच.

घड्याळाची जमेची बाजू म्हणजे दिवसभराची नोंद. ॲपलच्या घड्याळात २०१८ पासून ॲप बनवणाऱ्यांना दर मिनिटाला कंपाचा वेळ आणि तीव्रता मिळण्याची सोय आहे. पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाचा असर कधी चढतो आणि कधी ओसरतो, हे अशा रेघेवर छान दिसतं. पण घड्याळ मनगटाच्या सांध्याच्या मागे बसतं. गोळी वळल्यासारखा बोटांचा कंप किंवा मनगट वर-खाली होणं त्याला कमीच कळतं, हात फिरवल्यासारखा कंप नीट कळतो. दात घासणं, खोडरबर फिरवणं आणि खडबडीत रस्त्यावरचा प्रवास कुठल्याही घड्याळाला चकवू शकतात, म्हणून त्या वेळा लिहून ठेवाव्यात. आणि घड्याळ जास्त कंप असलेल्या हातात घालावं. बरेच जण नेमकं उलट करतात.

फंक्शनल कंपाचा, म्हणजे मेंदूत रचनेचा बिघाड नसताना येणाऱ्या कंपाचा, संशय असेल तर दुसऱ्या हाताने मेट्रोनोमच्या १८० ठोक्यांवर, म्हणजे ३ हर्ट्झने, टिचक्या मारायला सांगून कंप असलेल्या हाताची नोंद घ्यावी. शिखर ठोक्याकडे सरकलं किंवा कंप थांबला तर ती खूण डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहे. याच मेट्रोनोमने उपकरणही तपासता येतं. फोन बांधलेल्या निरोगी हाताने ठोक्याबरोबर टेबलावर टिचक्या मारल्या की शिखर बरोबर ३.० वर यायला हवं.

प्रत्येक फाइलच्या नावात स्थिती, हात आणि औषधाच्या डोसनंतरची मिनिटं असावीत. चहा-कॉफी, दम्यासाठीचा सॅल्ब्युटामॉलचा पंप, व्हॅल्प्रोएट किंवा लिथियम ही औषधं, अपुरी झोप आणि थंडी हे सगळं कंप वाढवतं, तेही सोबत लिहावं. एका दिवसाच्या एका आकड्याला अर्थ नाही. ठरलेल्या वेळी घेतलेल्या आठवड्याच्या नोंदींचा मध्यक घ्यावा. कच्च्या फाइली पुसू नयेत. ॲपचं गणित अपडेटमध्ये बदललं तरी कच्च्या डेटावरून जुने आकडे नव्याने काढता येतात. घड्याळातून फक्त तयार टक्केवारीच मिळत असेल, तर अपडेटच्या तारखेनंतरच्या नोंदी वेगळ्या तक्त्यात ठेवाव्यात.